आक्कांनी माझं सुतक धरलं

म्हाताऱ्या माणसांना उचलायचं, पुसायचं, भरवायचं काम ज्या बाया पगारावर करतात त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. डॉक्टरांना यातलं दुखणं माहीत असतं, त्यांनी नाही वाचलं तरी चालेल. माझी शाळा सायखेड्याला चौथीपर्यंत झाली. पुढे वर्ग होते, पण मला पाठवलं नाही. त्यामुळे जे झालं ते तसंच सांगते, सजवून सांगता येणार नाही.

मला कण्याचा टीबी झाला होता. मी त्यातून उठले. आता सत्तरी ओलांडली आहे आणि पाठ ताठ ठेवून लिहायला बसले आहे. ताठ एवढ्यासाठी की ती आता वाकतच नाही.

वरचा मजला

नव्वद सालानंतर नाशिकला वृद्धाश्रम नवीनच निघाले होते. मुलं पुण्या-मुंबईला आणि परदेशात गेलेली, आईबाप मागे राहिलेले. गंगापूर रोडला आतल्या बाजूला, तेव्हा आजूबाजूला द्राक्षांच्या बागा होत्या, तिथे एका दुमजली बंगल्यात असा एक आश्रम होता. नाव सांगत नाही. चालवणाऱ्या बाई पूर्वी नर्स होत्या, आम्ही त्यांना सिस्टर म्हणायचो. माझे मालक वारल्यावर मी तिथे कामाला लागले. राहणं, जेवणं तिथेच. आठवड्याची सुट्टी होती, पण बदली बाई आली तर.

खालच्या मजल्यावर चालते-फिरते लोक होते. वरच्या मजल्यावर खाटेला लागलेले. वरचा मजला माझ्याकडे आणि मंदाकडे. मंदा दिंडोरीकडची, माझ्याहून लहान, तोंडानं फटकळ आणि हातानं मऊ.

लोकांना वाटतं या कामात घाण काढणं अवघड असेल. त्याची आठवड्याभरात सवय होते. अवघड असतं उचलणं. आजारी माणूस अंग सोडून देतो, मग तो आहे त्याच्या दुप्पट वाटतो. एका माणसाला दोघींनी उचलायचं असा नियम होता. पण एक उचलायला वाकली की दुसरीकडे कोणीतरी घंटी वाजवायचं, मग एक इकडे आणि एक तिकडे. जोडी कागदावर होती, उचलायची मात्र एकटीच.

रविवारी नातेवाईक यायचे. आईची नखं का वाढली, आईची साडी कुठे गेली, आई वाळली कशी. साडी आईनंच घडी घालून उशीखाली ठेवलेली असायची. सापडली की कोणी काही बोलायचं नाही, आधी जे बोलून घेतलं असेल ते तसंच राहायचं. आणि आम्हा सगळ्यांना एकच नाव, मावशी. मावशी पाणी, मावशी भांडं. तिथे एवढी वर्षं काढली, पण माझं नाव विचारणारी एकच निघाली. त्या आक्का.

आक्का

आक्का हेडमास्तरांच्या बायको. मास्तर गेलेले, मुलगा पुण्याला, महिन्यातून एकदा येणारा. काचबिंदूनं डोळे गेले होते. उजेड आहे की नाही एवढंच कळायचं. त्यात न्हाणीघरात पडून खुबा मोडला आणि पाय गेले. डोकं मात्र साफ. मी पहिल्या दिवशी पाणी दिलं तर विचारलं, "मावशी कोणाची तू? माझ्या आईला बहीण नव्हती. नाव सांग." मी सांगितलं, हिरा. तेव्हापासून त्या मला हिरे म्हणायच्या.

पडल्यापासून त्यांना अधांतरी व्हायची भीती बसली होती. चादरीत घालून उचललं की हातपाय झाडायच्या, ओरडायच्या. डोळ्यांना दिसत नसलेल्या माणसाला आपण जमिनीपासून किती वर आहोत तेही कळत नाही. त्या फक्त गळ्यात हात टाकून उचललं तर उठायच्या. माझ्या मानेला दोन्ही हातांची मिठी, मी वाकून त्यांच्या पाठीमागे हात घातलेले, आणि मग त्या हुकूम सोडायच्या, "चल हिरे, गाडी काढ."

मी म्हणायचे, आक्का, गाडी पंक्चर आहे. त्या म्हणायच्या, मग ढकल.

पेशंटला गळ्यात लोंबू द्यायचं नाही, मणका जाईल, हे सिस्टरांनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. बरोबर शिकवलं होतं. पण सिस्टर खाली ऑफिसात, आणि आक्कांना दिवसातून कितीतरी वेळा उठवायचं, बसवायचं, कुशीवर करायचं. प्रत्येक वेळी ओरडू द्यायचं की गळ्यात हात टाकू द्यायचे? तुम्हीही तेच केलं असतं जे मी केलं.

माझी गादी त्यांच्या खाटेशेजारी जमिनीवर असायची. त्यांच्या खोलीत आणखी दोन खाटा होत्या. एक गोदूताईंची, एक लीलाताईंची.

कोणी गेलं की

हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आश्रमात कोणी वारलं तर ते बाकीच्यांना सांगायचं नाही, अशी पद्धत होती. सिस्टरांचं म्हणणं, एक गेल्याचं कळलं की बाकीचे जेवण सोडतात. ते खोटं नव्हतं, मी बघितलं आहे. म्हणून खोलीचं दार लोटून घ्यायचं, मागच्या जिन्यानं न्यायचं. मग गादी ओढत गच्चीवर न्यायची, उन्हात टाकायची. खाटेखालची फरशी फिनेलनं धुवायची. आणि सिस्टर येऊन हळू आवाजात सांगायच्या की अमक्या मुलाकडे गेल्या, बरं वाटलं की येतील. आमच्या तोंडीही तेच. गेलेलीच्या साड्या, फणी, डबे पुढे आम्हा बायांत वाटले जायचे.

गोदूताई गेल्या तेव्हा मीच आक्कांना सांगितलं, पुण्याला मुलीकडे गेल्या. आक्का म्हणाल्या, "हो का." थोड्या वेळानं म्हणाल्या, "मला डोक्यावरून आंघोळ घाल." मी घातली. त्यांना गादी ओढल्याचा आवाज कळायचा. अवेळी फिनेलचा वास यायचा, तोही कळायचा. वरच्या मजल्यावर एवढ्या गाद्या ओढल्या गेल्या, आक्कांनी त्या सगळ्या ऐकल्या होत्या.

कंबर

माझी पाठ दुखायला लागली तेव्हा मी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? या कामात पाठ सगळ्यांचीच दुखते. मंदाची दुखायची, स्वयंपाकवालीची दुखायची. सिस्टर गोळी द्यायच्या, ती घेतली की दिवस निघायचा. संध्याकाळी अंगात कणकण असायची. ब्लाउज ढिले झाले. मंदा म्हणाली, हिराबाई, तू हिरॉइन व्हायला निघाली का? मी म्हटलं, हो, तू चहा आण.

बायांनो, इथे ऐका. उचलून दुखणारी पाठ आडवं पडलं की जरा निवते. माझी आडवं पडल्यावर जास्त दुखायची. हा फरक मला दिसत होता आणि मी तिकडे बघितलं नाही, कारण बघितलं तर सुट्टी घ्यावी लागली असती आणि सुट्टी घेतली तर जागा जाते. खोकला नसतानाही टीबी असतो, तो हाडालाही होतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. खालच्या मजल्यावर एक आजोबा होते, वर्षभर खोकून गेले. त्यांची थुंकी आम्हीच टाकायचो. तोंडाला पदर लावायचो, दुसरं काय होतं?

एक दिवस आक्का गळ्यात हात टाकून तयार बसल्या, गाडी काढ म्हणाल्या, आणि मला पायच सापडेनात. म्हणजे पाय होते, पण माझे वाटत नव्हते. मी त्यांना पाडलं नाही. खाटेच्या कडेवर टेकवलं आणि स्वतः खाली बसले. आक्का म्हणाल्या, "काय झालं गं?" मी म्हटलं, काही नाही, मुंग्या आल्या.

तो दिवस

मुलानं मला मोठ्या दवाखान्यात नेलं. माझा मुलगा राजू, कंपनीत कामाला, सून संगीता, दोघं इंदिरानगरला एका खोलीत राहायचे. आधी फोटो काढला, मग मशीनमध्ये घालून दुसरा काढला. तरुण डॉक्टर होता. त्यानं फोटो उजेडावर धरला, मणक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला की हे हाड खाल्लं गेलं आहे. कोणी खाल्लं, असं मी विचारलं. त्याला हसू आलं, मग त्यानं सांगितलं.

घरात कोणाला टीबी आहे का, त्यानं विचारलं. मी म्हटलं घरात नाही, कामावर होता. काय काम करता? मी सांगितलं. त्यानं फोटो खाली ठेवला. म्हणाला, "आजी, तुम्ही हा मणका घेऊन माणसं उचलत होतात? आणखी थोडे दिवस गेले असते तर पाय कायमचे गेले असते."

मला पहिल्यांदा भीती वाटली ती पायांची नाही. मी आक्कांना येते म्हणून सांगितलं नव्हतं. दवाखान्यातून संध्याकाळपर्यंत परत येऊ असं समजून निघाले होते. माझी फणी, लुगडी, गादी, सगळं तिथेच होतं.

डॉक्टरनं सांगितलं, गोळ्या वर्ष-दीड वर्ष, सुया दोन महिने, आणि पहिले काही महिने पाठीवर सपाट पडून राहायचं. बसायचं नाही, वाकायचं नाही, आणि जड काही उचलायचं नाही, कधीच. मी विचारलं, जड म्हणजे किती? तो म्हणाला, भरलेली बादलीसुद्धा नको.

राजूनं आश्रमात जाऊन सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, तब्येत सांभाळा, बऱ्या झाल्या की बघू. टीबी हा शब्द मात्र त्यांनी तेवढा नीट ऐकला. कण्याचा टीबी खोकल्यानं पसरत नाही हे नर्सला माहीत असणार. पण नातेवाईकांना कळलं तर लोक काढून नेतील, हेही त्यांना माहीत होतं.

पाठीवर

ज्या बाईनं दुसऱ्यांना कुशीवर करण्यात जन्म घालवला तिला आता दुसरं कोणी कुशीवर करत होतं. यात मोठं काही सांगण्यासारखं नाही. छत बघायचं. आमच्या छताला ओल होती, तिचा आकार बदलतो का ते बघायचं. गोळ्यांनी लघवी लाल होते, घाबरू नका. मळमळ होते, अन्नाचा वास नको होतो. गोळी मध्येच थांबवली तर दुखणं उलटं येतं, म्हणून बरं वाटलं तरी थांबवायची नाही.

राजू चांगला मुलगा आहे, पण आईच्या अंगाला हात लावायचं म्हटलं की बाहेर जायचा. सगळं संगीतावर आलं. तिचं माझं आधी फारसं पटत नव्हतं. मी कामाला बाहेर राहायचे, त्यामुळे निभावत होतं. आता ती मला भांडं द्यायची, पुसायची आणि मी पडल्या पडल्या तिला शिकवायचे. असं नको, तसं कर, पाठ कोरडी कर, पावडर थापू नको, चादरीची सुरकुती काढ. एक दिवस तिनं फडकं बादलीत टाकलं आणि म्हणाली, "आई, तुम्हाला निदान पगार होता."

खरं तर मला त्याच वेळी ती आवडायला लागली. दुसऱ्या दिवशी तिनं न सांगता चादरीची सुरकुती काढली. माझ्या पाठीला पूर्ण आजारपणात एकही जखम झाली नाही, ते संगीतामुळे. हे तिला मी तेव्हा बोलले नाही, नंतर बोलले.

शेजारणी दाराबाहेरून विचारपूस करायच्या. माझा पेला वेगळा ठेवला होता. डॉक्टर गरज नाही म्हणाला होता तरी ठेवला होता. मीही ठेवला असता.

मंदा आली

महिना उलटून गेल्यावर मंदाला सुट्टी मिळाली आणि ती आली. संत्री घेऊन आली होती. माझ्याकडे बघून रडायलाच लागली, मग हसायला लागली. मी विचारलं, काय गं, आक्का कशा आहेत?

मंदा म्हणाली, "हिराबाई, तुझं दहावं झालं."

मला वाटलं चेष्टा. मग तिनं सगळं सांगितलं. मी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, टीबी कळल्यावर, सिस्टरांनी माझी गादी उचलायला सांगितली. भरदुपारी. मंदानं ती ओढत गच्चीवर नेली. माझी जागा फिनेलनं धुतली. मग सिस्टर वर आल्या, आक्कांच्या खाटेशी बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या की हिरा आजारी आहे, मुलाकडे गेली आहे, बरं वाटलं की येईल.

सगळं खरं होतं. एक शब्द खोटा नव्हता. आक्का म्हणाल्या, हो का. आणि डोक्यावरून आंघोळ मागितली.

"मी म्हटलं, आक्का, ती जित्ती हाय," मंदा म्हणाली. "इंदिरानगरला हाय, सुनेकडं हाय. तर मला म्हणत्या, मंदे, गोदूताई पण पुण्याला हायेत ना अजून?"

आक्कांनी चहात साखर घेणं सोडलं. केसांना तेल लावू दिलं नाही. जपाची माळ उशाखाली ठेवून दिली, हात लावला नाही. सिस्टर त्यांना म्हणाल्या, अहो आक्का, ती तुमच्या नात्याची ना गोत्याची, सुतक कसलं धरता? त्यावर आक्का म्हणाल्या, "मला उचलत होती ती."

मुलगा पुण्याहून आला, त्यानंही सांगितलं की आई, हिराबाई आजारी आहेत, मी चौकशी केली. आक्का त्याला म्हणाल्या, तुलाही पढवलं वाटतं यांनी.

दहाव्या दिवशी त्यांनी जेवणातला भात बाजूला काढला, त्यावर दही घालायला लावलं आणि मंदाला तो गच्चीच्या कठड्यावर ठेवायला सांगितला. कावळा शिवला का, म्हणून विचारत राहिल्या. मंदा मला म्हणाली, "लगेच शिवला गं. तिथं खरकटं टाकतो ना आपण, कावळे बसलेलेच असतात."

मी हसले. पाठ दुखेपर्यंत हसले. मग मंदा गेल्यावर भिंतीकडे मान करून पडले. संगीतानं विचारलं, जेवता का? मी नको म्हटलं.

फणी

आश्रमाचा फोन खाली ऑफिसात, आक्का वर खाटेवर. मला उठायची बंदी. काय करायचं?

राजू आश्रमातून माझं सामान घेऊन आला होता, त्यात माझी लाकडी फणी होती. ज्या फणीनं मी रोज आक्कांचे केस विंचरायचे ती. तिचा एक दात तुटलेला, आक्का बोटांनी चाचपून म्हणायच्या, हिरे, तुझ्या फणीला म्हातारपण आलं. मी विचार केला, ही फणी हातात दिली तर त्यांना पटेल. पुढच्या वेळी मंदा आली तेव्हा तिच्याकडे दिली आणि बजावून सांगितलं की हिरानं स्वतःच्या हातानं दिली आहे असं सांग.

मी आश्रमात एवढी वर्षं राहिले आणि हे माझ्या लक्षात आलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. गेलेलीच्या वस्तू वाटायची पद्धत आमचीच होती. आक्कांनी फणी हातात घेतली, तुटलेल्या दातावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "तिचं सामान वाटलं वाटतं. बरं झालं, मला हे दिलं."

तोवर त्यांनी डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं, असं मंदा म्हणाली. त्या दिवशी काढलं.

पट्टा घालून

मला उठून बसायला पावसाळा गेला आणि चालायला हिवाळा उजाडला. कमरेपासून छातीपर्यंत पट्ट्यांचा एक पिंजरा दिला होता, तो घालूनच उभं राहायचं. अंगावर मांस राहिलं नव्हतं. केस गळाले म्हणून संगीतानं कापून टाकले होते. आवाज चिरका झाला होता. चालायला लागले तशी मी राजूला म्हटलं, मला गंगापूर रोडला घेऊन चल. तो म्हणाला, रिक्षाचे धक्के बसतील. मी म्हटलं, बसू दे.

वरच्या मजल्याचा जिना मी कठड्याला धरून चढले. आक्का कुशीवर होत्या. मी आधी चादर बघितली, मग त्यांना. त्यांच्या कमरेखाली जखम झाली होती. झोपून झोपून होते ती. मी कोणाला विचारलं नाही. मंदा मजल्यावर एकटी होती, बदली बाया येत होत्या आणि जात होत्या. आक्का चादरीत ओरडायच्या, म्हणून त्यांना कमी वेळा हलवलं जात होतं. मंदानं माझ्याकडे बघितलं आणि दुसरीकडे बघितलं.

मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, आक्का, मी हिरा.

त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. मी पुन्हा सांगितलं. मला कण्याचा टीबी झाला होता, मेले नाही, बरी होऊन आले आहे. मास्तरांबद्दल त्यांनी मला एकटीला सांगितलेली एक गोष्ट होती, तीही सांगितली. आक्का म्हणाल्या, ती मंदाला सगळं सांगायची. आवाज थोडा तिच्या वळणाचा आहे, सायखेड्याकडची का तू?

मग त्यांनी हात पुढे केला. मी वाकू शकत नव्हते, म्हणून खुर्ची अगदी खाटेला टेकवली. त्यांनी माझ्या डोक्याला हात लावला, आखूड केस लागले. खांदा चाचपला, हाड लागलं. खाली पट्टा लागला, तिथे हात थांबला.

"हिरा असशील," त्या म्हणाल्या, "तर गाडी काढ."

दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले. वजन काहीच राहिलं नव्हतं त्यांचं. माझ्या मनात आलं, एकदा. एकदाच उचलते, काय व्हायचं ते होईल. दारात राजू उभा होता. तो म्हणाला, "आई, नाही." त्याच्या मागे मंदा होती, तीही मान हलवत होती. आणि मला संगीताचे हात आठवले, फडकं पिळणारे. मणका गेला असता तर ते सगळं तिला पुन्हा करावं लागलं असतं, आणि या वेळी कायमचं.

मी उचललं नाही.

आक्कांनी थोडी वाट बघितली. मग हळूच हात काढून घेतले. रागावल्या नाहीत. माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "राहू दे. तुम्ही सगळे माझ्या बऱ्यासाठी खोटं बोलता, मला माहीत आहे. चांगली आहेस तू. नाव काय तुझं?"

मी म्हटलं, मावशी म्हणा.

नवी मावशी

सिस्टरांनी मला बसल्या कामाला ठेवून घेतलं. भरवणं, वेणी घालणं, औषधं देणं, नव्या बायांना शिकवणं. पगार अर्धा. मी घेतला. घरी बसून छत बघण्यापेक्षा बरं. नव्या बायांना मी पहिल्या दिवशी सांगायचे, एकटीनं उचलायचं नाही. घंटी वाजू दे, पेशंट ओरडू दे, जोडीची बाई आल्याशिवाय हात घालायचा नाही. त्या मान हलवायच्या आणि मग एकट्याच उचलायच्या. करणार काय?

आक्कांना मीच भरवायचे. दुसऱ्या आठवड्यात मी आणखी एकदा सांगून बघितलं की मी हिराच आहे. त्या दिवशी त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच, एक घास घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गेलेल्या माणसाची चेष्टा करू नकोस, एवढंच म्हणाल्या. मग मी तो विषय बंद केला. त्यांनी जेवणं महत्त्वाचं होतं. जखम भरायला अन्न लागतं.

त्यानंतर मी माझ्याबद्दल पुष्कळ ऐकलं. हिरा अशी होती, हिरा भात मऊ कालवायची, तुझ्या भातात गुठळ्या असतात. हिराच्या हाताला फिनेलचा वास यायचा, तुझ्या हाताला औषधाचा येतो. ती तोंडाची तिखट होती, तू फार गरीब आहेस, अशानं तुला इथे कोणीही दाबेल. मी त्याच फणीनं त्यांचे केस विंचरायचे आणि हो म्हणायचे. एकदा त्या म्हणाल्या, "तिच्या भाताला कावळा लगेच शिवला, बरं का. काही इच्छा राहिली नव्हती तिची."

मी म्हटलं, बरं झालं.

मंदा शेजारच्या खाटेची चादर बदलत होती. ती चादर तशीच टाकून बाहेर गेली.

जखम भरली नाही. आम्ही आता दोघी दोघी मिळून त्यांना कुशीवर करत होतो, म्हणजे मंदा आणि दुसरी बाई, मी उशा लावायचे. आक्कांचं ओरडणंही बंद झालं होतं. पण जखम एकदा खोल गेली की म्हाताऱ्या अंगाला ती भरता येत नाही. डॉक्टर यायचे, ड्रेसिंग व्हायचं. उन्हाळा लागता लागता आक्का गेल्या. सकाळी. मी चमच्यानं पाणी देत होते, दोन चमचे गिळले, तिसरा ओठावरून खाली आला.

नंतर

दार लोटून घेतलं. मागच्या जिन्यानं नेलं. मंदा आणि दुसऱ्या बाईनं गादी ओढत गच्चीवर नेली, मी फिनेलची बाटली घेऊन उभी होते. खोलीत लीलाताई राहिल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून. त्यांनी न वळता विचारलं, आक्का कुठे गेल्या?

सिस्टर जिन्यात होत्या, त्या वर येऊन बोलणारच होत्या. त्यांच्या आधी मी बोलले. म्हटलं, "लीलाताई, आक्का वारल्या. आत्ता, सकाळी. त्रास झाला नाही."

लीलाताई वळल्या. मग विचारलं, "खरं सांगतेस?"

मी म्हटलं, खरं.

त्या रडल्या. दुपारी जेवल्या नाहीत. रात्री थोडी खिचडी खाल्ली. सिस्टर मला चिडून खूप बोलल्या, मी ऐकून घेतलं. पुढे आणखी कोणी गेलं आणि सांगायची वेळ आली तेव्हाही मी तेच केलं, आणि सिस्टरांनी मला काढलं नाही.

बायांनो, पाठ दुखली तर दाखवा. संध्याकाळी कणकण असेल, वजन उतरत असेल तर नक्की दाखवा. गोळ्या शेवटपर्यंत घ्या. आणि कामावरून जाताना, दवाखान्यात तासाभरासाठी जात असलात तरी, आपल्या माणसाच्या खाटेशी जाऊन सांगून जा.

आक्कांचा मुलगा दहाव्याला गंगेवर, गोदावरीच्या घाटावर, गेला होता. तिथून सामान न्यायला आश्रमात आला. डोक्याचे केस काढलेले, डोळे सुजलेले. मी त्याला चहा दिला. तो म्हणाला, हिराबाई, आईची काही इच्छा राहिली नव्हती, पिंडाला कावळा लगेच शिवला.

माझ्या वेळीही लगेच शिवला होता. मी कप घेऊन आत गेले.